तिसरी नळी

चाकणच्या पट्ट्यात ज्योतीरामला स्वतःचं असं नाव नव्हतं. ठेकेदाराच्या यादीत तो 'बदली' होता. सकाळी सहाला टेम्पो नाक्यावर यायचा. कुठल्या कंपनीत कोण आलं नाही हे मुकादमाला मोबाइलवर कळलेलं असायचं, आणि जिथं माणूस कमी तिथं ज्योतीरामला उतरवलं जायचं. आज प्रेस शॉप, उद्या पेंट शॉप, परवा नुसती खोकी उचलायची. ज्याच्या जागेवर उभा राहायचा त्याचं हेल्मेट डोक्यावर, त्याचं नाव छापलेलं जॅकेट अंगात. सुपरवायझर त्या नावानं हाक मारायचा आणि ज्योतीराम 'ओ' द्यायचा. पहिल्या वर्षी तो चूक दुरुस्त करायचा. मग सोडून दिलं. संध्याकाळी जॅकेट काढायचंच असतं, त्यासाठी दिवसभर घसा कोण कोरडा करणार?

कळंबकडून तो दापोडीत आला तेव्हा बाप नुकताच गेला होता. सोबत आई यशोदाबाई आणि नऊ वर्षांचा भाऊ गणराज. रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. गणराज शाळेत गेला, आयटीआयला गेला, त्याच्या दाखल्यांच्या रांगेत ज्योतीराम उभा राहिला. ज्योतीरामलाही स्थळं आली होती. पण 'मुलगा कोणत्या कंपनीत?' या प्रश्नाला त्याच्याकडे दर आठवड्याला वेगळं उत्तर होतं. पस्तिशीनंतर कुणी विचारेना. त्यानंही तो विषय काढला नाही. मग गणराजचं लग्न झालं. तळेगाव दाभाड्याची स्वरूपा सून म्हणून आली, आणि आतली खोली नव्या जोडप्याला देऊन ज्योतीराम आईबरोबर बाहेरच्या खोलीत झोपू लागला.

गल्लीतली माणसं मोकळी होती, म्हणजे जिभेची. गणराजची रात्रपाळी लागली की कुणीतरी पानाच्या टपरीवर हमखास म्हणायचं, "गण्या, बिनधास्त जा रे, दादा हाय घरी." सगळे हसायचे. गणराजही हसायचा.

मुलगी झाली ती सोमवारी, पोट फाडून. तिसऱ्या दिवशी तिचा एक हात सायकल मारल्यासारखा गोल फिरू लागला. डोळे एका कोपऱ्यात अडकले, ओठ चुटूचुटू हलायला लागले. आधी यशोदाबाई म्हणाली, भूक लागलीय. मग बाळ निळं पडलं. त्याच दुपारी पिंपळे सौदागरच्या बाजूच्या एका मोठ्या रुग्णालयात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरंही. झटके थांबेनात. टाके ओले असतानाच स्वरूपा हट्टानं तिथं आली, आणि वरच्या मजल्यावर बाळांच्या आयांसाठी असलेल्या खोलीत दूध काढत बसू लागली. ते दूध खाली पोचवायचं काम ज्योतीरामकडं आलं. त्यानं ठेकेदाराला सांगितलं, आठ दिवस येत नाही. ठेकेदार म्हणाला, तुझ्या जागी दुसरा बघतो.

गणराजला असं सांगता येत नव्हतं. दोन कंपन्यांनी त्याला सात-सात महिने राबवून 'ब्रेक' म्हणून घरी बसवलं होतं. या तिसऱ्या कंपनीत पहिल्यांदाच कायम होण्याची आशा होती, आणि कागद निघायला दहा-बारा दिवस उरले होते. बाळंतपणात त्याचे तीन खाडे झाले होते. सुपरवायझरनं बोट दाखवून सांगितलं होतं, "राव, अजून एक खाडा, की पुढच्या बॅचला."

म्हणून शिशुविभागाच्या दाराशी जो पुरुष सतत दिसायचा तो ज्योतीराम. पहिल्याच दिवशी सिस्टरनं हाक मारली, "बाळाचे पप्पा, दूध आणलं का?" ज्योतीरामनं 'हो' म्हटलं. दूध आणलं होतंच. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला हात धुऊन, गाऊन घालून पेटीपाशी दहा मिनिटं उभं राहू दिलं. पप्पांनाच फक्त सोडतात, असं ती म्हणाली. खरं सांगितलं असतं तर ती दहा मिनिटं गेली असती.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली. खर्च एक संस्था करणार होती. समजावून सांगायला नबीला मॅडम आल्या. तिशीही न गाठलेल्या, पिंपरीतच वाढलेल्या, आणि आई-बापांना जनुकांविषयी समजावणं हेच त्यांचं काम. त्या हळू, स्पष्ट बोलायच्या.

"बाळाचं, आईचं आणि वडिलांचं, असं तिघांचं रक्त लागेल. माणूस ज्या अक्षरांनी लिहिलेला असतो ती सगळी अक्षरं वाचायची. बाळात काही वेगळं दिसलं, तर ते आई-वडिलांकडून आलंय की नव्यानं झालंय हे तिन्ही शेजारी ठेवूनच कळतं. पूर्वी याला महिने लागायचे. आता आठवड्याच्या आत सांगतात. पण नमुने आजच जायला हवेत."

ज्योतीरामनं बाहेर येऊन गणराजला फोन लावला. चहाच्या सुट्टीत फोन उचलला गेला.

"गण्या, रक्त मागत्यात. तुझं."

"आज? आज कसं यायचं दादा? जेवायला पण सोडत न्हाईत."

"बापाचं लागतंय म्हणत्यात."

"तू दे की. आपलं दोघांचं रक्त एकच हाय. एका आईची, एका बापाची लेकरं आपण. आणि हे बघ, स्वरूपाला सांगू नको. तिला वाटंल, ह्यो पोरीसाठी एवढं पण करत न्हाई."

ज्योतीरामला त्यात वावगं काही वाटलं नाही. त्याचा आणि गणराजचा रक्तगट एक होता. गणराजला अपघात झाला होता तेव्हा त्यानंच रक्ताची बाटली दिली होती. तो आत गेला. नबीला मॅडमनी विचारलं, "वडील तुम्हीच ना?" त्यानं मान हलवली. कागदावर गणराजची सही केली. ती त्याला गणराजपेक्षा बरी जमायची. जांभळ्या झाकणाच्या तीन नळ्या ओळीनं ठेवल्या होत्या. बाळाची छोटी, स्वरूपाची वरून आलेली, आणि तिसरी त्याची. तिसरीवर भावाचं नाव चिकटवलं गेलं. त्यानं दंडाला कापूस दाबला आणि दूध आणायला वर गेला. संध्याकाळी गणराजनं बायकोला फोनवर सांगितलं, "दिलं बघ रक्त. लगीच निघालो, तुला भेटता आलं न्हाई."

मंगळवारी सकाळी नबीला मॅडमनी स्वरूपाला एकटीला बोलावलं. ज्योतीराम बाहेरच्या बाकावर बसला होता. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. दार उघडलं तेव्हा स्वरूपा पोटावर हात दाबून उभी होती. टाके दुखत असतील, असं त्याला वाटलं.

"भाऊजी, काय विचारलं मला माहितीये?" ती अगदी हळू म्हणाली. "नळीतलं रक्त बाळाच्या वडिलांचं नाही म्हणे. वडिलांच्या जवळच्या नात्यातल्या माणसाचं असावं. घरात अजून कोण पुरुष आहेत, असं विचारलं. मी म्हटलं, थोरले दीर आहेत. तर त्यांनी उठून दार पुन्हा नीट लावलं. मग म्हणाल्या, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, घाबरू नका."

ज्योतीराम उठला. पुन्हा बसला. पुन्हा उठला.

"ते माझंच रक्त होतं."

तिला कळायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "आणि मला सांगावंसं नाही वाटलं? दोघांपैकी एकालाही?"

तो आत जाऊन नबीला मॅडमपुढं उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दादा, तुम्हाला वाटलं काय, इथं रक्तपेढी आहे?"

"भावाभावांचं रक्त एकच म्हणतात, मॅडम."

"म्हणतात. यंत्राला ते कुणी सांगितलेलं नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "माझंही चुकलं. मी ओळखपत्र बघायला हवं होतं. सगळा वॉर्ड तुम्हाला पप्पा म्हणत होता. आता ऐका. बाळात एका ठिकाणी एक अक्षर चुकलेलं सापडलंय. तीच चूक धडधाकट बापातही असेल तर ती निरुपद्रवी. आई-बाप दोघांतही नसेल, तर तेच आजाराचं मूळ. मग औषध वेगळं आहे. जुनं, साधं औषध. पण ते अंदाजानं देता येत नाही. काही झटक्यांत ते उलटं पडतं, म्हणून डॉक्टर थांबलेत. आज चारपर्यंत वडिलांचं रक्त आलं, तर परवा सांगते."

गणराजचा फोन बंद होता. कामावर फोन गेटवरच जमा करून घेतात, फक्त चहाच्या सुट्टीत देतात, आणि ती होऊन गेली होती. ज्योतीराम बसनं चाकणला गेला. गेटवरच्या रखवालदाराच्या हातापाया पडला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत गणराज घास चावतच बाहेर आला.

"दादा, तू हितं? बाळ...?"

"हाय. चल, रक्त द्यायचंय."

"तू दिलं की."

"ते चाललं न्हाई. जुळलं न्हाई म्हणत्यात. बाप न्हाई, जवळचा नातेवाईक, असं निघालं. बरोबरच हाय की ते."

गणराजचा घास तोंडात तसाच राहिला. रस्त्यावरून गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर चालला होता. तो गेल्यावर गणराजनं घास गिळला.

"एवढं कळतं त्यात?"

"सगळं कळतं."

हे दोन शब्द ज्योतीरामनं बोलायला नको होते. ते ऐकून गणराजच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. टपरीवर इतकी वर्षं हसून घालवलेलं सगळं हसू तिथं गोळा झाल्यासारखं.

"पण आपलं रक्त एकच, मग तुझं जुळायला पायजे हुतं."

"तसं नसतंय म्हणं."

"मग कसं असतंय?" त्यानं भावाकडं असं पाहिलं, जसं मालाची खोकी उतरवताना मोजून पाहतात. "परवा गुरुवार हाय. सुट्टी. तवा येतो."

"गण्या, पोरगी झटके खातीय. आज..."

"आज खाडा झाला तर कागद गेला! पोरीला खायला तूच घालणार हायेस का?" तो गेटातून आत गेला. थोड्या वेळानं जेवण संपल्याची घंटा झाली.

बुधवारी बाळाचा श्वास थांबला. नळी घालून तिला यंत्रावर घेतलं. पेटीपाशी आता फक्त आईला सोडत होते. ज्योतीरामचं खरं नाव वॉर्डात कळलं होतं. दार उघडताना सिस्टर त्याच्याकडं बघायची नाही. स्वरूपा तर त्याच्या हातून दूधही देईना. जिना उतरून स्वतः आणायची, एकेका पायरीवर थांबत.

गुरुवारी अकरा वाजले तरी गणराज आला नाही. ज्योतीराम घरी गेला. गणराज बनियनवर, मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता. यशोदाबाई तांदूळ निवडत होती.

"उठ. चारच्या आत नमुना गेला पायजे."

उत्तर यशोदाबाईनं दिलं. "कशापायी जायचं? आन उलटं निघालं तर? गल्लीत तोंड दावता यील? झाकली मूठ सव्वा लाखाची आसती बाबा."

"आये, उलटं काय निघणार? तुला ठावं न्हाई का मी कसा हाय?"

यशोदाबाईनं एक खडा वेचून बाजूला टाकला. वर पाहिलं नाही. "मला ठावं हाय. गल्लीला न्हाई."

"पोरगी मरंल."

"देवाच्या मनात आसंल तसं हुईल. पोरं पुन्यांदा हुत्यात."

ज्योतीरामला वाटलं, ताट लाथेनं उडवावं. आयुष्यात त्यानं कुणाचं ताट उडवलं नव्हतं, आजही उडवलं नाही. तो भावाच्या समोर मांडी घालून बसला. "काय केलं म्हंजी येशील?"

गणराजनं मोबाइल पालथा ठेवला. बहुधा याच प्रश्नाची तो दोन दिवस वाट पाहत होता.

"तू हितं ऱ्हायचं न्हाई."

"कधीपासनं?"

"आत्तापासनं."

दोन शर्ट, चादर, कामाचे बूट, डबा. एवढं सामान भरायला वेळ लागत नाही. आई उठली नाही. फक्त म्हणाली, "उन्हाचं चाललास, पाणी पिऊन जा." मोटारसायकलवर गणराज पुढं, ज्योतीराम मागं, आणि दोघांच्या मध्ये ती पिशवी. गल्लीतून जाताना टपरीवरची माणसं वळून बघत होती. ज्योतीरामच्या मनात एकच होतं, चारच्या आत पोचायचं. ही माणसं काय बघतायत, याचा विचार त्याला सुचला नाही. तो सुचायला हवा होता.

नळीत रक्त भरताना गणराज नबीला मॅडमना म्हणाला, "मॅडम, आधी ते सांगा. बाकीचं मागनं सांगितलं तरी चालंल."

"ते म्हणजे काय?"

"तुमास्नी ठाऊक हाय."

नबीला मॅडमनी नळीवर नाव चिकटवलं. ओळखपत्र दोनदा पाहिलं. "माझ्या यादीत 'ते' सगळ्यात शेवटी आहे," त्या म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी तिघांनाही आत बसवलं. ज्योतीराम नको म्हणत होता. त्या म्हणाल्या, सगळ्यांनी एकदाच ऐका, म्हणजे पुन्हा कुणी कुणाला सांगायला नको. आणि त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलेली गोष्ट शेवटी सांगितलीच नाही. गणराजचा चेहरा बघून आधी सांगून टाकली. "नमुना वडिलांचाच आहे."

गणराजनं मोठा श्वास सोडला आणि खिशातून मोबाइल काढला.

"आणि ती चूक आईत नाही, वडिलांतही नाही," नबीला मॅडम पुढं बोलत होत्या. "बाळात नव्यानं झालेली आहे. कुणाच्या घराण्यातून आलेली नाही. यात कुणाचा दोष नाही. ऐकताय ना?"

गणराज आईला फोनवर सांगत होता, "आये, आपलंच हाय. व्हय, व्हय, आपलंच."

स्वरूपा नवऱ्याकडं बघत राहिली. किती वेळ, ते ज्योतीरामनं मोजलं नाही, पण मॅडमनी कागद उलटून पुन्हा सुलटा केला तरी ती बघतच होती. मग तिनं मान वळवली. "औषध कधीपासून?"

"आज दुपारपासून."

दोन दिवसांत झटके थांबले. गिरणीची मोटार बंद केल्यावर पट्टा हळूहळू थांबतो, तसे. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं. चार-पाच दिवस आधी झालं असतं तर अधिक चांगलं झालं असतं. मेंदूनं किती सोसलंय ते आता दिसेल तेव्हा दिसेल. त्याच आठवड्यात गणराज कायम झाला. तो पेढ्यांचा पुडा घेऊन वॉर्डात आला. सिस्टरनं विचारलं, "बाळ बरं झाल्याचे का?" गणराज म्हणाला, "सगळ्याचेच."

ज्योतीराम चाकणला एका खोलीत कॉट घेऊन राहू लागला. सहा कॉट, तीन पाळ्या. तो उठला की त्याच गादीवर दुसरा झोपायचा. घरून फोन आला नाही. यशोदाबाईनं एकदा गावच्या माणसाबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवली.

सात महिन्यांनी स्वरूपाचा फोन आला. रुग्णालयात बाळाचे व्यायाम असतात त्या दिवशी या, थोडं बोलायचंय. तो सकाळीच जाऊन बसला. यशोदाबाई नातीची औषधं आणायला खालच्या दुकानाच्या रांगेत गेली होती. स्वरूपा बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती, एक तळवा मानेखाली. मुलगी मान अजून धरत नव्हती. बारसं झालं होतं. नाव काय ठेवलं ते ज्योतीरामला कुणी कळवलं नव्हतं.

"बरी हाय का?" त्यानं विचारलं.

"दिसतंय की." मग तिनं आवाज उतरवला. "भाऊजी, तुम्ही घर का सोडलंत?"

"गणू रक्त द्यायला तयार हुईना. त्यानं..."

"माहीत आहे मला. म्हणजे मला एकटीला. गल्लीत काय झालं ते ठाऊक आहे? थोरल्याला घराबाहेर काढलं, म्हणजे काहीतरी असणारच. नळावर बायका बोलायच्या थांबतात. मी तो रिपोर्ट पर्समध्ये घेऊन फिरते. पण रिपोर्ट कुणी वाचत नाही. गेलेला माणूस सगळ्यांना दिसतो."

"मग परत येऊ?"

"आता?" ती हसली. तसं हसलेलं त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. "आता आलात तर म्हणतील, राहवलं नाही. यांनीही तो विषय आता पुन्हा काढलाय. दारू प्यायल्यावर म्हणतात, यंत्रं काय, चुकतात पण. तुम्ही आमच्याकडं फिरकू नका, रेल्वेच्या पुलावरही नाही, एवढंच सांगायला बोलावलं. तुमचं वाईट व्हावं असं काही नाही माझ्या मनात."

आतून व्यायामाच्या बाईंनी हाक मारली आणि स्वरूपा बाळाला घेऊन सतरंजीवर बसली. दार उघडंच होतं. बाईंनी बाळाला उताणं ठेवलं आणि उजव्या कानापाशी खुळखुळा वाजवला, मग डाव्या. बाळ छताकडं बघत राहिलं. दोन महिने हेच चाललं होतं. आवाज ऐकू येत होता, पण त्याच्याकडं वळायचं असतं हे तिच्या मेंदूला सापडत नव्हतं.

जायच्या आधी ज्योतीराम उंबऱ्याशी थांबला. "येतो गं, बाळा," तो म्हणाला.

बाळाचे डोळे हलले. मग, खूप जड काहीतरी ओढत आणावं तशी, तिची मान दाराच्या बाजूला वळली.

"अगं बाई!" व्यायामाच्या बाईंनी खुळखुळा खाली टाकला. "वळली! आई, बघितलंत का? वळली ती! अहो, तिथंच थांबा. बोला. काहीही बोला, पण बोला."

स्वरूपानं बाळाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. तिचे ओठ किंचित उघडले. जिन्यावर यशोदाबाईच्या चपला वाजत वर येत होत्या, आणि त्यांच्यामागं तिचं कुणाशीतरी चाललेलं बोलणं.

"अहो, बोला ना," बाई म्हणाल्या. "आवाज ओळखतेय ती तुमचा."

ज्योतीरामनं तोंड घट्ट मिटून घेतलं. बाळाची मान थोडा वेळ तशीच राहिली, वाट पाहिल्यासारखी. मग ती हळूहळू परत छताकडं गेली.